झाडावर चढलेली वेल ओढू नका, बुंध्याशी कापा

वेलीने मढलेलं झाड लांबून सुरेख दिसतं. जवळ जाऊन शेंड्याकडे बघा, त्यात झाडाची स्वतःची पानं किती उरलीत? आयव्ही, कुडझू, मिकानिया या वेली झाडाचा रस पीत नाहीत, ते काम अमरवेलीचं. या वेली झाडाचं ऊन खातात. शिवाय भिजलेल्या वेलीचं ओझं आणि वादळात तिच्यात भरणारा वारा, यांनी फांद्या मोडतात. पीळ घालत चढणारी वेल तर आणखी वाईट. खोड जाड होत जातं, विळखा मात्र सैल होत नाही आणि सालीखालून मुळांकडे जाणारं अन्न तिथेच अडतं. असा विळखा सोडवला की सालीत दोरीच्या वळासारखी खाच दिसते.

वेल दिसली की हात आपोआप ती ओढायला जातो. पण तिच्याबरोबर साल निघते, वरची वाळकी फांदी डोक्यात पडू शकते.

आधी वेल ओळखा. पॉयझन आयव्ही असेल तर वाळलेल्या वेलीनेही अंगावर फोड येतात, आणि ती जाळणं त्याहून घातक, कारण धूर फुप्फुसात जातो. हातमोजे, पूर्ण बाह्या हव्यातच. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत थांबा.

मग गुडघ्याइतक्या उंचीवर एक काप, छातीइतक्या उंचीवर दुसरा, असं खोडाभोवती सगळीकडून कापा. चिकटलेली वेल पेचकसाने जरा उचकटून मगच कात्री लावा, म्हणजे सालीला इजा होत नाही. मधला तुकडा काढून टाका. एखादा बारीक धागा जरी राहिला तरी वरची वेल त्यावर तग धरते, तेव्हा खोडाला पूर्ण फेरी मारून बघा. वरचा भाग जागीच वाळू द्या.

आता मुळं. पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते, तेव्हा झाडाची मुळं सांभाळत बुंध्याभोवती मीटरभर जागा साफ करा. मिकानिया पेरापेराला मुळं धरते, म्हणून तिचे तुकडे जमिनीवर टाकू नका. काळ्या पिशवीत बांधून उन्हात कुजवा. कुडझूचा गड्डा खणायला पहारच लागते. (१८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही वेल शोभेची म्हणून मांडली होती!)

खणणं जमत नसेल तरच ग्लायफोसेट हे तणनाशक, तेही लेबल वाचून, वेलीच्या ताज्या कापावर लगेच ब्रशने लावायचं. फवारणी नको, झाडाला थेंबही लागता कामा नये.

महिन्याभराने फुटवे येतील. ते कोवळे असतानाच खुडा; दोन-तीन वर्षं ही फेरी चुकवू नका.