लेहरा धरणारी : नाशकात राहून प्रायोगिक रॉकमध्ये बास वाजवताना

बास गिटार हातात घेतला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नुकतीच लागले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली. नोकरी तीच आहे, बँड तिसरा आहे. "आम्हालाही असलं वेगळं वाजवायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारणारी मुलं-मुली अधूनमधून भेटतात. मी त्यांना एवढंच विचारते : दोन सुरांचा एक तुकडा वीस मिनिटं काहीही न बदलता वाजवता येईल का?

प्रायोगिक रॉक म्हणजे सगळ्यांनी सतत काहीतरी चमत्कारिक करत राहायचं, अशी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. पहिल्या बँडमध्ये मी दर चार आवर्तनांना काहीतरी नवीन घालायचे आणि ड्रमर वैतागून थांबायचा. तो का थांबतो ते मला माझ्या मोठ्या काकांमुळे कळलं. काका पंचवटीत तबला शिकवतात. तबल्याचा एकल असतो तेव्हा पेटीवर कुणीतरी लेहरा धरतो, तालाच्या एका आवर्तनात बसणारी तीच ती सुरावट, अखंड. एकदा त्यांचा पेटीवाला आला नाही म्हणून त्यांनी मला बास घेऊन बोलावलं. रूपक, सात मात्रा, तीन-दोन-दोन. दहा मिनिटांनी माझे हात शिवशिवायला लागले आणि मी एक सूर वाढवला. काका लगेच थांबले. म्हणाले, "बाळा, मी लांब भटकतो ते तू घरात आहेस म्हणून. तूच बाहेर पडलीस तर मी परत कुणाकडे येऊ?"

बासचं काम मला त्या दिवशी समजलं. बाकीच्यांनी कितीही दूर जावं, त्यांना सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडली पाहिजे. कोलोनमध्ये 1968 साली सुरू झालेला कॅन हा बँड ऐका. त्यांचा होल्गर चुकाय हा श्टॉकहाउझन या जर्मन संगीतकाराचा विद्यार्थी, म्हणजे अवांगार्द, रूढ चौकट मोडणारं संगीत थेट उगमापाशी शिकलेला माणूस. पण बासवर तो मोजकेच सूर घेतो आणि याकी लीबेत्साइटच्या ड्रमला धरून राहतो. एवढं शिकलेल्या माणसाने इतकं कमी वाजवावं, यात मला फार मोठी समज दिसते.

याच्या अगदी उलटी वाटही आहे, तीही ऐकाच. जपानचा रुइन्स हा बँड तात्सुया योशिदा या ड्रमरने 1985 मध्ये सुरू केला, त्यात मुख्यतः ड्रम आणि बास. अमेरिकेच्या लाइटनिंग बोल्टमध्येही दोघंच. त्यांचा बासवादक ब्रायन गिब्सन तारा चेलोसारख्या पंचमाच्या अंतराने लावतो. गिटार नाही म्हटल्यावर सगळा डोलारा बासवर. पण तिथेही नीट कान दिलात तर लक्षात येतं, गोंगाटाच्या खाली मोजणी पक्की आहे.

मोजणीवर पहिलं वर्ष घालवा. आपल्याकडे तालाचं भांडार आहे, ते सोडून परदेशी मोजमापांच्या मागे लागायची गरज नाही. माझा रोजचा सराव असा : तोंडाने रूपकाचा ठेका, ती ती ना धी ना धी ना, आणि पायाने सरळ चार. मात्रा दोन्हीकडे सारख्याच लांबीची. सात आणि चार यांची गाठ 28 मात्रांनी पडते. आधी ती गाठ चुकते. मग काही आठवड्यांनी एक दिवस ती आपोआप पायाखाली येते आणि अंगावर काटा येतो. तोंड-पाय जमल्याशिवाय बास हातात घेऊ नका. नंतर बासने सात धरायचे, ड्रमरने चार, मग उलट. झपताल आणि धमार हे ताल यानंतर घ्या.

दुसरी शाळा गणपतीच्या आधी नाशकात रस्त्यावर भरते. ढोल पथकांचे सराव सुरू झाले की जवळ उभं राहून ऐका, मग चालत चालत लांब जा. ताशाची कडकड हळूहळू विरते, ढोलाचा ठोका मात्र दोन गल्ल्या पलीकडेही पोटात लागतो. खालचे सूर असेच लांब जातात, भिंती ओलांडतात. म्हणून साउंडचेकला मी लांब केबल लावून प्रेक्षकांच्या जागी जाऊन वाजवते. अ‍ॅम्पच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या, शेजारी उभं राहून बासचा आवाज ठरवला की हमखास फसगत होते.

आमची प्रॅक्टिसची खोली म्हणजे अंबडमधला एक रिकामा गाळा. मागच्या भिंतीपलीकडे डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे आणि तिची घरघर दिवसरात्र चालू असते. सुरुवातीला आम्ही भिंतीला गाद्या लावल्या. मग एकदा सगळे चहाला गेले असताना मी एकटीच बास लावत बसले होते. जी (G) सुराची तार मोकळी छेडली आणि आवाज लाटांसारखा हलायला लागला, वाढतोय, कमी होतोय, वाढतोय. तानपुरा लावणाऱ्याला ही लाट ओळखीची असते. वीज 50 हर्ट्झची, पण ट्रान्सफॉर्मरचा गाभा एका आवर्तनात दोनदा ताणला जातो, म्हणून घरघर 100 हर्ट्झची. बासची मोकळी जी तार 98 हर्ट्झची. फरक दोनाचा, म्हणून सेकंदाला दोन लाटा, मिनिटाला 120. ड्रमर चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला आणि बोटांनी चौकटीवर तीच लय धरायला लागला.

त्यातून आमची सर्वांत लांब रचना तयार झाली. ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी 49.90 ते 50.05 च्या दरम्यान ठेवायचा दंडक आहे, म्हणजे ती थोडी हलतेच. ती 49.90 वर आली की घरघर 99.8 वर येते आणि लय 120 वरून 108 वर उतरते. आम्ही लयीच्या मागे जातो. प्रयोग म्हणतात तो मला इथे दिसला. पण हे ऐकू येण्यासाठी तार आधी काटेकोर सुरात हवी, त्यामुळे ट्यूनर, म्हणजे सूर मोजून दाखवणारं यंत्र, ही तुमची पहिली खरेदी.

बास शक्यतो जुना घ्या, मात्र मान वाकलेली नाही ना हे बघून घ्या. नेहमीच्या बासच्या तारेचा वाजणारा भाग 34 इंची असतो. हात लहान असतील तर 30 इंची शॉर्ट स्केल घ्या, मी तेच वाजवते. आवाज बदलणारी पेडलं पहिली दोन वर्षं नकोत. तारेखाली कागदाची पट्टी, ब्रिजजवळ स्पंजचा तुकडा, तारेला मगरी चिमटा, एवढ्यात पुष्कळ आवाज निघतात. पुढे डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, घ्याल तेव्हा मूळ स्वच्छ आवाजही सोबत मिसळता येईल असं घ्या, नाहीतर खालचा भाग हरवतो आणि लेहराच नाहीसा होतो.

अ‍ॅम्पबाबत माझं एक नुकसान सांगते. एका कॅफेच्या मालकांनी "अ‍ॅम्प आहे, तुम्ही नुसत्या या" म्हणून सांगितलं. तिथे छोटा गिटार अ‍ॅम्प होता. तिसऱ्या मिनिटाला स्पीकरचा पडदा फाटला आणि भरपाई माझ्याकडून घेतली गेली, जवळजवळ अर्धा पगार. तेव्हापासून अ‍ॅम्पचा फोटो आधी मागवते. शिवाय बॅगेत टेस्टर असतो. अर्थिंग नीट नसेल तर हात तारांवर आणि ओठ माइकला लागताच झटका बसू शकतो, त्यामुळे तपासल्याशिवाय माइकजवळ जायचं नाही.

पैशांचं थोडक्यात. या संगीतावर आमच्यापैकी कुणाचंही घर चालत नाही. आमचा ड्रमर लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, मी शनिवारी चार मुलांना शिकवते. ऑर्केस्ट्राचं काम कमी लेखू नका, कुठलंही गाणं कुठल्याही पट्टीत लगेच उचलायची सवय तिथेच लागते. नाशकात आमच्यासारख्यांना जागा मोजक्याच, कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या कॅफेंना ओळखीची गाणी हवी असतात. म्हणून मुंबई-पुणे करावं लागतं. मुंबईला जाताना पंचवटी एक्सप्रेस, परतताना रात्री कसारा घाट. नोकरी सांभाळून महिन्यातून एक फेरी जमते, त्याहून जास्त नाही.

मुंबईच्या पहिल्या कार्यक्रमाला आम्ही डीपीची घरघर रेकॉर्ड करून नेली होती. रचना वाजली, पण मरगळलेली. ती घरघर अंबडच्या एका जुन्या संध्याकाळची होती, त्या हॉलमध्ये त्या क्षणी वाहणाऱ्या विजेची नव्हती. आता मी हॉलवर लवकर पोचते आणि फ्रीज, स्टॅबिलायझर, जिथे जिथे ट्रान्सफॉर्मर असेल तिथे कान लावत फिरते. सापडला की त्या पेटीला बाहेरून काँटॅक्ट माइक, म्हणजे कंपनं थेट टिपणारा माइक, चिकटवते, ट्यूनर काढते आणि जी तार 98 वर आणून लाट यायची वाट बघते.