आईवडिलांचं घर मुलांच्या नावावर करताना

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर माझं दस्त लिहायचं टेबल आहे. लोक आधी खर्च विचारतात. मी आधी विचारतो, घर वडिलांनी स्वतः घेतलंय की आजोबांकडून आलंय? स्वकष्टार्जित असेल तर हयातीत बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता घर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा दस्त, करता येतं. वडिलोपार्जित असेल तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही मुलांइतक्याच हिस्सेदार आहेत, म्हणून बहिणींना सोबत घेऊनच या. त्यांना वगळून केलेला दस्त पुढे कोर्टात अडकतो.

महाराष्ट्रात राहतं घर मुलगा, मुलगी, नवरा, बायको, नातवंडं किंवा मयत मुलाची बायको यांना बक्षीस दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. भागाप्रमाणे स्थानिक उपकर वेगळा पडतो, तो चलन भरण्याआधी विचारून घ्या. भावाला किंवा बहिणीला दिलं तर बाजारमूल्यावर 3 टक्के.

मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), घरपट्टीची पावती आणि आधार कार्ड टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकावर 'बाळू', दुसऱ्यावर 'बाळासाहेब' असं हमखास निघतं. ते आधी दुरुस्त करून घ्या. घरावर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल.

आता माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. बक्षीसपत्र नोंदलं की देणाऱ्याला ते मनाला येईल तेव्हा मागे घेता येत नाही. म्हणून मी मसुद्यात हे कलम घालायचा आग्रह धरतो: "लिहून देणार यांस सदर घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. त्यांचे अन्न, औषधपाणी व देखभाल लिहून घेणार यांनी करावयाची आहे. त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील." ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशाच अटीवर चालतं: सांभाळायच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर दस्त रद्द करून घेता येतो. अट दस्तातच असेल तर म्हाताऱ्या माणसाला याच कायद्याखालच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागणं सोपं जातं. मुलांना कधी वाटतं, बाबांचा आपल्यावर विश्वास नाही. त्यांना सांगा, तुम्ही सांभाळणारच आहात, मग हे वाक्य तुम्हाला कुठे आड येतंय? आईबाप मात्र त्या रात्री निर्धास्त झोपतात.

नोंदणीला दोन साक्षीदार लागतात आणि घेणाऱ्याने बक्षीस स्वीकारल्याचं दस्तात लिहून घ्या. ही स्वीकृती देणाऱ्याच्या हयातीतच हवी. वय झालेलं असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा, उद्या कुणी "बाबांना समजत नव्हतं" म्हणायला नको. शेतात राबलेल्या आजीचा अंगठा यंत्रावर लवकर उमटत नाही. घाई करू नका, हात धुऊन, पुसून पुन्हा ठेवू द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी अर्ज केला तर अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात.

दस्त झाल्यावर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा) घ्या आणि सिटी सर्व्हेत फेरफाराचा, म्हणजे मिळकत पत्रिकेवरचं नाव बदलण्याचा, अर्ज लगेच टाका. मग घरपट्टी आणि शेवटी वीजमीटरवरचं नाव.