लिनक्सवर वेबकॅम चालत नाही? ड्रायव्हर शोधत बसण्याआधी या चुका टाळा

कॅमेरा चालेना झाला की लोक पहिलं काम करतात ते ड्रायव्हर डाउनलोड कुठे मिळेल हे शोधण्याचं. विंडोजची सवय असते, हे मी समजू शकतो. पण लिनक्समध्ये वेबकॅमचा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवण्याची वेळ आता क्वचितच येते. यूव्हीसी, म्हणजे यूएसबी व्हिडिओ क्लास, हे मानक पाळणारे सगळे यूएसबी कॅमेरे 'यूव्हीसीव्हिडिओ' या एकाच ड्रायव्हरवर चालतात आणि तो 2008 साली, 2.6.26 या आवृत्तीत, कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आला. त्याआधीच्या जुन्या कॅमेऱ्यांसाठीचा 'जीएसपीसीए' लगेच पुढच्या आवृत्तीत आला. आज दुकानात मिळणारा साधा यूएसबी कॅमेरा तुम्ही घरी आणता तेव्हा त्याचा ड्रायव्हर मशीनमध्ये आधीच हजर असतो. बिघाड दुसरीकडे असतो. तो शोधायला थोडा वेळ शांत बसावं लागतं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं.

कुठल्या तरी जुन्या लेखातून कमांड उचलून कंपाइल करणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. 2009-10 च्या सुमाराचा एखादा लेख सापडतो, त्यात व्हिडिओ ड्रायव्हरचा अख्खा सोर्स उतरवून 'मेक इन्स्टॉल' करायला सांगितलेलं असतं. नवशिका मुलगा वाचत नाही, चिकटवतो आणि एंटर मारतो. कर्नलच्या मूळ मॉड्यूलवर (लागेल तेव्हा लोड होणारे ड्रायव्हरचे तुकडे) दुसरीच मॉड्यूल जाऊन बसतात. कॅमेरा चालत नाहीच, वर टीव्ही ट्यूनर आणि कॅप्चर कार्डही बंद पडतं. लॉगमध्ये सिंबॉलची आवृत्ती जुळत नसल्याच्या ओळी यायला लागल्या की समजायचं, कोणीतरी इथे हात घातलाय. अशा वेळी मी दुरुस्ती करत बसत नाही. चालू कर्नलच्या मॉड्यूलचं पॅकेज वितरणाच्या (उबुंटू, फेडोरा वगैरे) भांडारातूनच पुन्हा बसवतो आणि मशीन रीस्टार्ट करतो.

त्याच लेखांमध्ये 'व्हीफोरएलवन-कॉम्पॅट' आधी लोड करून स्काइप चालवायची एक ओळ असते. व्हीफोरएल म्हणजे ॲपनी कॅमेऱ्याशी बोलण्याची लिनक्सची पद्धत. तिची पहिली आवृत्ती 2011 मध्ये, 2.6.38 ला, कर्नलमधून काढून टाकली. आजच्या ब्राउझरशी त्या ओळीचा काडीचा संबंध नाही.

माझी सवय वेगळी आहे. कॅमेरा काढायचा, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी 'एलएसयूएसबी' (lsusb) ही कमांड चालवायची. कॅमेरा लावायचा, पुन्हा चालवायची. एक ओळ वाढली का? नसेल वाढली तर ड्रायव्हरचा विचारच डोक्यातून काढा. केबल बदला, हब काढून थेट पोर्टला लावा. लॅपटॉपचा आतला कॅमेराही बहुतेक वेळा आतून यूएसबीवरच जोडलेला असतो, आणि काही मॉडेलमध्ये कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण त्याला यादीतूनच गायब करतं. बायोसमध्येही तो बंद केलेला असू शकतो.

ओळ वाढली असेल तर एका टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसेज' (dmesg) ही कमांड सतत चालू ठेवून कॅमेरा पुन्हा लावा. 'फाउंड यूव्हीसी 1.00 डिव्हाइस' अशा अर्थाची ओळ दिसली की ड्रायव्हरने कॅमेरा ओळखला. इथून पुढे ड्रायव्हरला दोष देऊ नका.

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' वाचून डिस्क रिकामी करणे

एका खासगी क्लासमध्ये डेस्कटॉपला दोन कॅमेरे होते, एक फळ्यावर आणि एक सरांवर. दोन्ही एकाच हबला लावलेले. एक चालायचा, दुसरा सुरू केला की हा संदेश यायचा. तिथल्या मुलाने जुन्या तासांची रेकॉर्डिंग पुसली. फरक पडला नाही, म्हणून आणखी पुसली. मग नवी हार्डडिस्क आली. मला बोलावलं तेव्हा डिस्क जवळजवळ रिकामी होती आणि संदेश तोच. मुलांनी उजळणीसाठी मागितलेली रेकॉर्डिंग गेली ती गेलीच. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण 'डीमेसेज'च्या शेवटच्या ओळीत उत्तर लिहिलेलं होतं: यूआरबी (यूएसबीवरची डेटाची मागणी) पाठवता आला नाही, उणे 28.

हा 28 म्हणजे 'जागा नाही', पण इथे ती डिस्कवरची जागा नव्हे, यूएसबीच्या वाटेवरची. हिशोब साधा आहे. 640 बाय 480 चं न दाबलेलं (अनकंप्रेस्ड) चित्र, दर पिक्सेलला दोन बाइट, सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे 18.4 एमबी. यूएसबी 2.0 कागदावर 480 मेगाबिट, म्हणजे 60 एमबी. त्यातला जास्तीत जास्त 80 टक्के भाग अशा वेळेशी बांधलेल्या वाहतुकीला मिळतो. शिवाय बरेच कॅमेरे प्रत्यक्ष लागते त्यापेक्षा जास्त जागा आधीच अडवून ठेवतात, एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तशी. पहिल्या कॅमेऱ्याने रुमाल टाकला की दुसऱ्याला दारातच थांबावं लागतं.

मी 'एलएसयूएसबी' झाडाच्या रूपात बघितलं. दोन्ही कॅमेरे एकाच बसवर. पीसीआय एक्सप्रेसचं एक यूएसबी कार्ड टाकलं, त्याचा कंट्रोलर स्वतंत्र असतो. एक कॅमेरा तिकडे गेला आणि दोन्ही चालले. कार्ड टाकता येत नसेल तर एका कॅमेऱ्याचा आकार किंवा फ्रेमचा वेग कमी करून बघा. 'यूव्हीसीव्हिडिओ' मॉड्यूलला 'क्वर्क्स' (कॅमेऱ्यांच्या खोडी सांभाळण्याचा पर्याय) याची किंमत 128 देऊन लोड केलं की न दाबलेल्या चित्रासाठी ड्रायव्हर जागेचा हिशोब स्वतः करतो, तोही उपाय आहे. पण मी तो शेवटी वापरतो. ज्या आकड्याचा अर्थ माहीत नाही तो कॉन्फिग फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवणं मला पटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

कॅमेऱ्याच्या डिव्हाइस फाइलला ('व्हिडिओ0' वगैरे) 777, म्हणजे सगळ्यांना सगळं करण्याची, परवानगी देऊ नका. कॅमेरा काढून लावला की ती फाइल नव्याने तयार होते, तुमची परवानगी जाते. गरज असेल तर वापरकर्त्याला 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या. आणि ब्राउझर सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने, चालवणं तर कधीही नको.

'व्हिडिओ1' वर चित्र येत नाही म्हणून घाबरू नका. 2018 च्या 4.16 कर्नलपासून एकाच यूव्हीसी कॅमेऱ्याच्या दोन फाइली दिसू शकतात. दुसरी मेटाडेटाची, तिच्यात चित्र नसतंच.

'डिव्हाइस बिझी' आलं तर 'फ्यूझर' ही कमांड लावून कॅमेरा कोणी धरलाय ते बघा. बहुतेकदा मागे उघडी राहिलेली ब्राउझरची टॅब असते.

सगळं ठीक, पण चित्र काळंकुट्ट? आधी भिंगावरची सरकती झाकणी बघा.

ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर कॅमेरा 60 हर्ट्झवर आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. कॅमेऱ्याची सेटिंग बदलणाऱ्या 'व्हीफोरएलटू-सीटीएल' (v4l2-ctl) या कमांडने पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी 1 करा, 1 म्हणजे 50.

संध्याकाळी चित्र अडखळतं, दुपारी नाही? उजेड कमी पडतोय. एक्स्पोजर वाढवण्यासाठी कॅमेरा फ्रेमचा वेग उतरवतो. दिवा लावा.

स्नॅप किंवा फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजमधून बसवलेल्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. दुसऱ्या ॲपमध्ये, समजा 'चीज' या कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये, चित्र येत असेल तर ड्रायव्हर सोडा आणि त्या ॲपच्या मागे लागा.

जिथे ड्रायव्हरचीच अडचण असते

इंटेलच्या काही नव्या, पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतोच. तो एमआयपीआय जोडणीने थेट प्रोसेसरच्या आयपीयू6 या चित्र हाताळणाऱ्या भागाला जोडलेला असतो, म्हणून 'एलएसयूएसबी'त दिसत नाही. त्याचा इनपुटचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये 2024 साली, 6.10 मध्ये आला. त्यावर 'लिबकॅमेरा' आणि 'पाइपवायर' या सॉफ्टवेअरची साखळी जुळावी लागते आणि तुमच्या मॉडेलच्या सेन्सरला आधार असावा लागतो. इथे जुन्या कर्नलवर खटपट करण्यात अर्थ नाही, वितरणाचं नवं कर्नल घ्या. तातडीची मीटिंग असेल तर साधा यूएसबी कॅमेरा लावून मोकळे व्हा. आणि लिनक्ससाठी लॅपटॉप घेणार असाल तर दुकानातच पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम सुरू करून कॅमेरा चालवून बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा.