घटस्फोटासाठी वकील लावताय? या चुका टाळा

बैलबाजारात आपला माणूस दात पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढत नाही. तोच कोर्टात मात्र कुणाच्या तरी ओळखीचा वकील गाठतो, कोऱ्या वकीलपत्रावर सही करतो आणि खिशातले पैसे देऊन मोकळा होतो. फी एकूण किती, हे विचारायची लाज वाटते.

माझं कोर्टासमोर टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. सोयाबीनच्या हंगामात एक भाऊ-बहीण आले होते. भावानं घामानं ओली झालेली छोटी डायरी काढली. 'तारीख ५००', 'तारीख ५००', 'टायपिंग ३००', 'साहेबाले २०००'. पावती एकही नाही. "दादा, हे फीत धरले का नाही धरले?" त्यानं मलाच विचारलं. मोबाईलवर ई-कोर्ट्स या कोर्टाच्या ॲपमध्ये केस पाहिली, तर बहिणीच्या नवऱ्याला नोटीसच निघाली नव्हती. बजावणीचा खर्च भरलेला नव्हता.

म्हणून फीचं आधी बोला. एकूण किती, तारखेचे वेगळे घेणार का, टायपिंग आणि नोटिशीचा खर्च कुणाचा, हे वहीच्या पानावर का होईना, लिहून घ्या. आपल्याकडे पैसा पीक विकल्यावरच येतो. तसं सांगून हप्ते पाडा आणि ते टप्प्यांना बांधा: अर्ज दाखल झाला की इतके, पुरावा झाला की इतके. रोख दिले तर पावती मागा, नाहीतर फोनपे करा. कुणी 'पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के' म्हणालं तर उठून या. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबरही मागून ठेवा, म्हणजे ई-कोर्ट्सवर पुढची तारीख स्वतःला पाहता येते.

दुसरी चूक फुकटच्या वकिलाला नाक मुरडायची. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या पुरुषालाही मिळतो. तालुका विधी सेवा समिती बहुतेक कोर्टाच्या आवारातच बसते. नाहीतर १५१०० वर फोन लावा. असे काही वकील ढिले असतात, हे मी रोज पाहतो. पण पैसे घेणारेही ढिले असतातच की! काम होत नसेल तर वकील बदलून द्या, असा अर्ज समितीकडेच करता येतो. महाराष्ट्रात बाईला घटस्फोटाच्या केसमध्ये कोर्ट फी माफ आहे, तिच्या नावानंही कुणाला पैसे देऊ नका. आणि कमाई नसेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केसचा खर्च समोरच्याकडून मागता येतो. हा अर्ज सुरुवातीलाच टाका म्हणावं.

स्टॅम्पपेपरवरची फारकत मी स्वतः टाईप करत नाही. पंचांच्या सह्या घेऊन काडीमोड झाला असं लोक धरून चालतात, पण हिंदू लग्न त्यानं मोडत नाही. समाजाच्या रूढीला कायद्यात जागा आहे, मात्र ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. ते न करता दुसरं लग्न लावलं, तर गुन्हा अंगावर येतो.

नागपूरचा मोठा वकील कशाला? बाईला ती राहते त्या हद्दीत अर्ज करता येतो, २००३ पासून. फक्त तालुक्याच्या प्रत्येक कोर्टात घटस्फोट चालत नाही, वरिष्ठ स्तराचे न्यायाधीश लागतात. कुठे चालेल ते आधी विचारा. बाहेरचा वकील गाडीभाडं लावतो आणि बरेचदा ज्युनिअरलाच धाडतो.

दोघांची संमती असेल तर वर्षभर वेगळं राहणं पुरतं. अर्ज टाकल्यावर थांबायचे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. पण दोघांत एकच वकील असेल, तर पोटगीचा आकडा आणि लेकरं कुणाकडे हे वाचूनच सही करा.

वकील बदलायचा झाला आणि जुन्यानं फाईल अडवली, तर फीसाठी फाईल दाबून ठेवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगून ठेवलंय. तरी लग्नाचा दाखला, लग्नपत्रिका, फोटो यांची अस्सल प्रत पहिल्या दिवशी देऊन टाकू नका. झेरॉक्स द्या. माझं दुकान आहे म्हणून सांगत नाही.