‘परत आला तर?’ – कॅन्सरमधून बरे झालेल्या मुलांना धीर देताना या चुका टाळा

लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरपैकी सर्वाधिक आढळणाऱ्या ‘एएलएल’ (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) या प्रकारावरील उपचार साधारणपणे दोन ते तीन वर्षे चालतात. शेवटची गोळी संपते त्या दिवशी घरात पेढे वाटले जातात, आणि अनेक मुलांची भीती नेमकी तेव्हापासून वाढू लागते. कारण औषध चालू असेपर्यंत रोगाला काहीतरी रोखून धरत असल्याचा दिलासा असतो, तो आता नाहीसा होतो. ही भीती निराधार नसते. आजार उलटण्याची शक्यता उपचार थांबल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असते, पुढे ती कमी होत जाते आणि पाच वर्षांनंतर असे क्वचितच घडते. मुलाला धीर द्यायचा असेल, तर तो या वस्तुस्थितीच्या आधारेच द्यावा लागतो.

सर्वांत मोठी आणि सर्वांत मायेपोटी होणारी चूक म्हणजे मुलाचे बोलणे तोडणे. खो-खो खेळून आलेली मुलगी मोरीत पाय धुताना नडगीवरचे निळे डाग मोजते आणि विचारते, “आई, परत आलं तर गं?” त्यावर “असं अभद्र बोलू नये, काही होत नाही” हे उत्तर आईच्या तोंडून सहज निघते. मुलगी गप्प बसते, मात्र डाग मोजणे थांबत नाही; आता ती ते दार लावून मोजते. त्याऐवजी आधी “तुला कशामुळे असं वाटलं?” असे विचारावे, तिचे पूर्ण ऐकावे आणि मग खरे तेच सांगावे: “कधी कधी मलाही काळजी वाटते. हे डाग खेळताना लागल्याचे आहेत, एक-दोन आठवड्यांत जातील. न लागता डाग उठले, तर आपण लगेच डॉक्टरांना दाखवू.” अशा उत्तरात खोटी हमी नसते, काय झाले की काय करायचे, हे मात्र मुलीला नेमके कळते.

दुसरी चूक याच्या अगदी उलट टोकाची आहे. मूल जरा कोमेजलेले दिसले की मानेच्या गाठी चाचपणे, अंग तापले की त्याच संध्याकाळी लॅबमध्ये रक्त देऊन ‘काउंट’ म्हणजे रक्तपेशींची संख्या पाहणे, असे काही घरांत नित्याचे होते. साध्या विषाणूजन्य तापातही पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काही काळ कमी होऊ शकतात, त्यामुळे असा अहवाल घाबरवण्याखेरीज फारसे काही साधत नाही. आणि अहवाल चांगला आला तरी त्याचा दिलासा पुढच्या शिंकेपर्यंतच टिकतो. कोणत्या लक्षणांसाठी किती दिवस थांबायचे आणि कशासाठी त्याच दिवशी यायचे, हे आपल्या कॅन्सरतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्यावे. गावातल्या डॉक्टरांना पूर्वीचा आजार आवर्जून सांगावा, कारण निदान न झालेल्या तापासाठी वा गाठींसाठी स्टिरॉइड दिले गेले, तर ल्युकेमिया उलटलेला असल्यास तो काही काळ झाकला जाऊन निदान लांबू शकते.

वयाच्या तिसऱ्या वर्षी उपचार झालेल्या मुलाला काहीच आठवत नाही, म्हणून आजाराचे नावच न सांगणे, विशेषतः मुलगी असेल तर पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल या धास्तीने फाइल कपाटात ठेवून देणे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तेच मूल चौदाव्या वर्षी ती फाइल स्वतः शोधून काढते, मोबाइलवर त्या नावाची माहिती वाचते आणि घरच्यांनी लपवले म्हणजे धोका अजून असणार, असा अर्थ लावते. वयाला झेपेल इतके, पण खरे, टप्प्याटप्प्याने सांगत गेलेले बरे.

भीती टाळण्यासाठी फॉलोअप टाळणे तर अजिबात नको. तारीख जवळ आली की झोप उडणे, पोट दुखणे, रुग्णालयाच्या वासाने मळमळणे असे पुष्कळ मुलांना होते. अशा मुलाला तारीख आदल्या दिवशी अचानक सांगू नये. कोणती तपासणी आहे, सुई टोचणार का, अहवाल कधी मिळणार, हे आधी सांगावे. या भेटी फक्त आजार उलटला का हे पाहण्यासाठी नसतात, हेही त्याला समजावे. काही केमोंचा हृदयावर, रेडिएशनचा वाढीवर किंवा थायरॉइडवर उशिरा परिणाम होऊ शकतो, त्यावरही लक्ष ठेवले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळे क्लिनिक चालते, ते याच कारणाने.

वॉर्डातला सोबती गेल्याची बातमी लपवू नये. ती कळतेच, आणि “मग माझा नंबर कधी?” हा प्रश्न मूल कोणालाच विचारू शकत नाही. प्रत्येकाचा आजार आणि त्याची तीव्रता वेगळी असते, हे त्या वेळी स्पष्ट सांगावे, आणि रडू द्यावे. अशा वेळी स्वतः या वाटेने गेलेल्या तरुणाशी झालेले बोलणे पालकांच्या शब्दांपेक्षा अधिक पोहोचते. इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा कॅन्सरमधून बरे झालेल्यांचा गट २००९ पासून हे काम करतो.

भीतीमुळे शाळा बुडू लागली, आठवडेच्या आठवडे झोप लागेनाशी झाली, मूल तपासणीला ठाम नकार देऊ लागले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर घरगुती समजुतीवर विसंबू नये. उपचार करणाऱ्या रुग्णालयातील समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना लगेच भेटावे. तोवर टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.