खड्डा मारण्याआधी जमिनीची जात विचारा

रोहिण्या लागल्या की आमच्याकडे एकच धांदल सुरू होते. जेसीबीवाल्याची तारीख मिळवायची, रोपवाटिकेत हापूसच्या कलमांची घासाघीस करायची, शेणखताचा टेम्पो ठरवायचा. एवढं सगळं होतं, पण कलम ज्या जमिनीत जाणार ती कुठल्या जातीची, हे कोणी पाहत नाही. पाहायचं तर आत्ताच. मृगाची सर पडली की वरून सगळी जमीन सारखीच हिरवी दिसायला लागते.

कोकणातल्या कुठल्याही गावात डोंगरमाथ्यापासून खाडीपर्यंत चालत या. अर्ध्या तासात चार-पाच जातींच्या जमिनी पायाखालून जातात. वर सडा म्हणजे कातळाचं पठार, त्याखाली उतारावरची वरकस किंवा भरड, मग भाताचा सखल मळा, पुढे खाडीकाठची खारट जमीन म्हणजे खार आणि समुद्राकडे वाळूची पुळण. ही नावं आपल्या आज्या-पणज्यांनी उगाच ठेवली नाहीत. प्रत्येक नावात माती किती खोल, पाणी किती थांबतं आणि तिथं काय पिकतं, हे तिन्ही आलंय. सातबाऱ्यावरसुद्धा ‘वरकस’ असाच शेरा सापडतो.

शास्त्रज्ञांनी वेगळ्या वाटेने जाऊन हेच सांगितलं. दोकुचायेव्ह या रशियन संशोधकाने १८८३ मध्ये मांडलं, की माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. खडक, हवामान, झाडझाडोरा, उतार आणि काळ या पाचांच्या मेळातून ती घडते. आपल्याकडे याचा पुरावा घाटाच्या दोन बाजूंना पडलेला आहे. सोलापूरची काळी जमीन आणि रत्नागिरीची तांबडी, दोघींचा मूळ दगड एकच: काळवत्री, म्हणजे बेसाल्ट. तिकडे पाऊस सहा-सातशे मिलिमीटर, त्यामुळे चुना आणि मॅग्नेशियम मातीतच राहतं आणि फुगणारी, भेगाळणारी काळी चिकणमाती तयार होते. इकडे तीन हजारांच्या वर पाऊस कोसळतो. तो चुना, पालाश (पोटॅश) आणि सिलिकाही धुऊन नेतो, आणि मागे राहतं ते लोखंड आणि अॅल्युमिनियम. हाच आपला जांभा. इंग्रजीत त्याला लॅटराइट म्हणतात. बुकानन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळात अंगाडीपुरमजवळ लोक या दगडाच्या विटा पाडताना पाहिले आणि १८०७ मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून हे नाव दिलं. कापून काढलेल्या या दगडाला आपण चिरा म्हणतो.

राज्याच्या हवामान विभागणीतही हा भेद आहे. महाराष्ट्राच्या नऊ विभागांपैकी दक्षिण कोकण हा अतिपावसाचा, जांभ्या जमिनीचा विभाग, तर उत्तर कोकण अतिपावसाचा पण जांभा नसलेल्या जमिनीचा. म्हणून देवगडच्या बागेचा खतांचा तक्ता पालघरला जसाच्या तसा चालवू नका. मृदा सर्वेक्षणाच्या अहवालात अल्फिसॉल, इन्सेप्टिसॉल असे शब्द दिसले तर दचकू नका. ते पाठ करायची गरज नाही, मातीचे थर वाचता आले की झालं.

त्यासाठी खर्च एका मजुराच्या अर्ध्या दिवसाचा. लागवडीच्या प्रत्येक तुकड्यात एक खड्डा तीन-साडेतीन फूट खोल मारा आणि एक बाजू फावड्याने सरळ तासून घ्या. सकाळच्या तिरप्या उन्हात ती भिंत बघा. वर पालापाचोळ्याचा काळपट थर किती बोटं आहे? खाली एकसारखा तांबडा रंग असेल तर हवा खेळते, निचरा चांगला आहे. राखाडी माती आणि तिच्यात गंजाचे ठिपके दिसले, तर तिथं पावसाळ्यात पाणी तुंबतं. भिंत आत्ता कितीही कोरडी असो. मुळं कुठवर गेलीत आणि कुठे आडवी वळलीत, तेही पाहा. मग खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सकाळीही ते उभं असेल, तर त्या जागी आंब्याचा हट्ट नको.

झाडंही चुगली करतात. ऐन-किंजळ सरळ वाढलेत तिथं माती खोल. नुसती खुरटी करवंदं आणि गवत असेल तर खाली वीतभरावर कातळ. तिवराची (खारफुटीची) रोपं बांधाच्या आत उगवलेली दिसली, तर खारं पाणी आत शिरतंय.

जांभ्या उतारावर आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा ठीक. काजूला साठ सेंटिमीटरचा पुरतो. कातळ फोडून खड्डा केला असेल तर तळाला भेग हवीच, नाहीतर ती पाण्याची टाकी होते. या मातीत स्फुरद (फॉस्फरस) घातलं की लोखंड-अॅल्युमिनियम त्याला धरून बसतं. ते वर फेकून देऊ नका, शेणखतात मिसळून मुळांच्या पट्ट्यात द्या. नत्र (नायट्रोजन) आणि पालाश उलट धुऊन जातं, म्हणून एकदम न ओतता हप्त्याने द्या. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली असेल तर चुना लागेल, पण किती ते परीक्षणाच्या अहवालावरून ठरवा. चुना आणि युरिया एकत्र तर मुळीच घालू नका, नत्र हवेत उडून जातं. आणि बागेतला पाला जाळू नका. खाणीतून काढलेला ताजा चिरा कसा मऊ असतो आणि वारा-ऊन लागलं की कसा टणक होतो, ते आपण पाहिलंय. उघडा पडलेला उतार त्याच वाटेने जातो.

सड्यावर मशीन चढवणार असाल तर आधी पायी फिरून या. बारसू, कशेळीसारख्या ठिकाणची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. तुमच्या सड्यावरही एखादं निघू शकतं. शिवाय जिथं माती बोटभर, तिथं बाहेरून माती आणून बाग करणं हा माझ्या मते पैसेवाल्यांचा खेळ आहे.

मळ्यातल्या भाताला आंबट जमिनीचं फार भय नाही. खाचरात पाणी कोंडलं की सामू आपोआप सातच्या दिशेने सरकतो आणि अडकलेलं स्फुरदही सुटतं. खाचराच्या कोपऱ्यात पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो, त्याला काडी लावा. काचेसारखे तुकडे झाले तर तो लोहाचा तवंग. पुन्हा जुळून आला तर तेल. लोहाचा तवंग खूप असेल आणि भाताची पानं तांबूस पडत असतील, तर थोडे दिवस पाणी काढून टाका.

आता खारीचं. काही वर्षांपूर्वी काजूचे खड्डे भरायला मी एका ठेकेदाराकडून ‘कसदार गाळ’ घेतला. काळाभोर, मऊ, हातात घेतला की लोणीच. कुजक्या अंड्यासारखा वास येत होता, तरी मी दुर्लक्ष केलं. गाळ खाडीतला होता. दिवाळीपर्यंत पानांची टोकं करपली, आणि चाळीसपैकी अकरा रोपं राहिली. पेलाभर पाण्यात मूठभर गाळ ढवळून वरची निवळी जिभेला लावली असती, तरी कळलं असतं.

खार जमीन मात्र टाकाऊ नाही. उन्हाळ्यात मीठ खालून वर येतं, ढेकळांवर पांढरी फुटी दिसते. भात कापल्यावर लगेच नांगरट केली की हा वर येण्याचा रस्ता तुटतो. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप आणि बांधाच्या खांडी आत्ताच पाहून घ्या, भरतीच्या वेळी चिखल उपसत बसू नका. पहिल्या पावसाचं पाणी दोन-तीनदा कोंडून ओहोटीला सोडा, लावणी त्यानंतर. अहवालात विद्युत वाहकता, म्हणजे मिठाचं माप, चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २ किंवा ३ या जाती घ्या.

पुळणीत माड. तळाला नारळाची सोडणं, खोलगट बाजू वर करून, दोन थर. ती पाणी धरतात.

परीक्षणाचा नमुना पहिल्या पावसाआधी घ्या. खतांचे ढीग, बांध आणि झाडाखालची जागा सोडून भातासाठी वीतभर खोलीवरून, बागेसाठी त्याच तासलेल्या भिंतीतून फूट-फूट अंतराने तीन वेगळे. सड्याची आणि मळ्याची माती एका पिशवीत कालवू नका. तो अहवाल कुठल्याच जमिनीचा नसतो. सावलीत वाळवून अर्धा किलो पुरे. आतली चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते, आणि तिच्यावर गट क्रमांकासोबत त्या तुकड्याचं गावातलं नावही टाका.