ट्रक कॅम्परसाठी एकात एक बसणारी पायरी घरीच कशी बनवायची

पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या कॅम्परचं, म्हणजे प्रवासात राहायच्या छोट्या खोलीचं, दार जमिनीपासून चांगलंच उंच असतं. आमच्या छोट्या पिकअपचं 74 सेंमीवर आहे. सुरुवातीला आम्ही एक प्लास्टिकचा क्रेट उलटा टाकून चढायचो, आणि एकदा रात्री बाबा उतरताना त्यांचा पाय क्रेटच्या कडेवर पडला, क्रेट तिरका होऊन सरकला आणि घोटा मुरगळला. दुसऱ्याच आठवड्यात मी ही पायरी बनवली. म्हणजे दोन खोके, लहान मोठ्याच्या पोटात जातो, त्यामुळे गाडीत जागा एकाचीच लागते.

सगळ्यात आधी मापं, आणि ती घाईत घेऊ नका. कॅम्पर गाडीवर चढवलेला, पाण्याची टाकी भरलेली, नेहमीचं सगळं सामान आत, अशा अवस्थेतच सपाट जागी गाडी उभी करून मोजा, कारण वजनाने स्प्रिंग दबतात आणि रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नसतं. दोन मापं घ्यायची, जमिनीपासून बंपरचा वरचा भाग आणि जमिनीपासून दाराचा उंबरठा. आमचा बंपर 55.5 वर आहे, म्हणजे 74 चे सरळ चार भाग पडतात, 18.5 वर लहान खोका, 37 वर मोठा खोका, 55.5 वर बंपर आणि 74 वर उंबरठा. तुमचे आकडे वेगळे येतील पण प्रत्येक चढ सारखाच ठेवायचा प्रयत्न करा. पाय पहिल्या एक-दोन पायऱ्यांत उंची लक्षात ठेवतो आणि पुढे त्याच हिशोबाने उचलला जातो, मग एकच पायरी दोन सेंमी जास्त असली की ठेच लागते. बंपरवर वरून नुसतं प्लास्टिकचं कव्हर असेल किंवा कॅम्पर बंपरच्याही मागे येत असेल तर बंपर हिशोबात धरू नका, तिसरा खोका करावा लागेल.

पायरीची खोलीही महत्त्वाची. फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लोंदेल यांनी सतराव्या शतकात जिन्यासाठी एक सूत्र मांडलं, दोन चढ अधिक एक पायरीची खोली मिळून माणसाच्या एका पावलाइतकं अंतर यावं. आज ते साधारण 60 ते 65 सेंमी धरतात. आपलं 18.5 दोनदा म्हणजे 37, त्यात 28 मिळवले की 65, बरोबर बसतं.

लाकूड 18 मिमीचा, पाण्यात टिकणारा प्लाय घ्या. 122 बाय 122 सेंमीचा तुकडा पुरतो. मोठ्या खोक्याला वरची फळी 60 बाय 30, दोन बाजू 35.2 बाय 30, आणि मागची फळी 56.4 बाय 35.2. लहान खोक्याला वरची 55 बाय 28, बाजू 16.7 बाय 28, मागची 51.4 बाय 16.7. दोन्ही खोके पुढून आणि खालून उघडे. वरच्या फळीचे रेषे लांबीच्या दिशेने जातील असंच कापा, उलटं कापलं तर फळी जास्त लवते.

आता जोडणी. प्लायच्या कडेत थेट स्क्रू मारला की थर फाटतात, म्हणून 4 मिमीच्या स्क्रूसाठी आधी 2.5 मिमीचं भोक पाडा, वरून डोकं बुडेल एवढा खड्डा करा, वॉटरप्रूफ ग्लू लावा आणि मग 50 मिमीचे स्टेनलेस स्क्रू साधारण 12 सेंमीवर एक असे मारा. मागची फळी गुण्या लावून काटकोनातच बसवा, खोका डावी-उजवीकडे डुलण्यापासून तीच वाचवते. आणि पुढच्या कडेखाली 5 सेंमी रुंद पट्टी उभी लावायची, ही विसरू नका. मी पहिल्यांदा ती न लावता उभा राहिलो तर फळी मध्ये चक्क दबलेली पायाला जाणवत होती, पट्टी लावल्यावर दगडासारखी घट्ट.

माझ्या मते या पायरीचा खरा जीव तिच्या पिनांत आहे. लहान खोका मोठ्याच्या तोंडात 5 सेंमी आत सरकवून ठेवायचा, मग मोठ्याच्या पुढच्या कडेपासून 2 सेंमीवर आणि जमिनीपासून 8 सेंमीवर दोन्ही बाजूंना 8 मिमीचं भोक एकदमच दोन्ही फळ्यांतून आरपार पाडायचं आणि त्यात पिन घालायची. आता दोन खोके मिळून 53 सेंमी लांबीचा एकच पाया झाला, लहान खोक्याच्या पुढच्या कडेवर पाय पडला तरी तो उलटणार कसा! लहान खोका आत गेला तरी पायाला जागा कमी पडत नाही कारण मोठा पुढून उघडा आहे, चढताना बोटं आत जातात, तिथे जवळपास 12 सेंमी उंचीची मोकळी जागा उरते. नंतर लहान खोका पूर्ण आत ढकला आणि मोठ्याच्या त्याच भोकांतून परत ड्रिल चालवा, म्हणजे प्रवासातही त्याच पिनांनी तो जागेवर राहतो, खडखड होत नाही.

कडा पॉलिश पेपरने गोल करा आणि आऊटडोअर वार्निशचे तीन हात द्या. प्लाय पाणी पितो तो कडांमधून आणि भोकांमधून, त्यामुळे तिथे पहिला हात पातळ करून भरपूर मुरवा. वर खरखरीत अँटीस्लिप टेप, बंपरवर पण लावा कारण ओला बंपर फार निसरडा असतो, आणि प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी, अंधारात उतरताना तीच दिसते. तळाला रबराचे तुकडे लावणार असाल तर त्यांची जाडी बाजूच्या फळ्यांच्या उंचीतून आधीच वजा करा.

वाळूत किंवा चिखलात फळीच्या बारीक कडा रुततात. उरलेल्या प्लायमधून 55 बाय 20 च्या दोन पाट्या निघतात, त्या दोन्ही बाजूंखाली टाकायच्या. उतारावर एकाच बाजूला टाकून पायरी समतलही करता येते, आणि एरवी त्या लहान खोक्यावरच्या पोकळीत राहतात.

पहिल्यांदा वापरण्याआधी एकाने दार धरून हळू वजन टाकावं, कडांवर, कोपऱ्यांवर, सगळीकडे. उतरताना तोंड दाराकडे आणि एक हात हँडलवर. गरम सायलेन्सरच्या पाईपसमोर पायरी ठेवू नका. कॅम्पर जॅकवर उभा करून गाडी काढून घेतली की बंपर राहत नाही आणि दारही वर जातं, तेव्हा ही पायरी वापरायची नाही, शिडीच लावायची.

आणि पायरी बाहेर असेपर्यंत स्टीअरिंगला एक लाल फडकं बांधून ठेवा. आमच्याकडे ते पिनांच्याच पिशवीत असतं, पायरी आत आली की मगच सुटतं.